पहिली-दुसरीच्या मुलाला घरी वाचायला शिकवताना या चुका टाळा

भिंतीवर तक्ता आहे, मोबाइलमध्ये ॲप आहेत, संध्याकाळी आजोबा वेळ देतात. तरी मूल ‘क कमळाचा’ घडाघडा म्हणतं आणि ‘कमळ’ वाचायला दिलं की गप्प बसतं. साधनं भरपूर असतात. अडतं ते बहुतेक वेळा क्रमात आणि घाईत.

आधी सगळी मुळाक्षरं, मग वाचन

वर्णमालेचा क्रम उच्चारस्थानांवरून लावला आहे. पाठांतराला तो छान, पण वाचायला लागण्यासाठी गैरसोयीचा. क, ख, ग, घ, ङ शिकून मूल कोणता शब्द वाचणार? ‘ङ’ तर त्याला पुस्तकात शोधूनही सापडत नाही. त्याऐवजी म, क, र, ल, ब ही पाच अक्षरं आणि सोबत काना घ्या. लगेच मामा, काका, बाबा, मका, लाल, काम, बकरा हे शब्द होतात आणि ‘मामा, काम कर’ हे वाक्यही. हे न अडखळता जमलं की आणखी तीन-चार अक्षरं जोडा.

मात्रांमध्ये दीर्घ वेलांटी आधी, ऱ्हस्व नंतर. ‘की’ची वेलांटी अक्षरानंतर येते आणि उच्चारही नंतरच होतो. ‘कि’ची लिहिली जाते आधी, उच्चारली जाते नंतर, म्हणून मुलं ‘किती’चं ‘इकती’ करतात. अशा वेळी मुलाचं बोट आधी ‘क’वर ठेवा, मग मागे वेलांटीवर न्या. रफार आणि बाकीची जोडाक्षरं साध्या मात्रा पक्क्या झाल्यावरच.

घ-ध, भ-म, थ-य या जोड्या एकाच दिवशी शिकवू नका. एक अक्षर बसू द्या, मग दुसरं. फरक दाखवायची खूण सोपी आहे: ध, भ, थ यांची शिरोरेषा तुटलेली असते; घ, म, य यांची सलग. शब्द लिहून झाल्यावर वरून एकच लांब रेघ ओढायची सवय लागली की ‘भरत’चा ‘मरत’ होतो. त्यामुळे या अक्षरांपाशी रेघ थांबवायला सुरुवातीपासून शिकवा.

इंटरनेटवरचे फुकट तक्ते

देवनागरीतले बरेचसे तक्ते आणि व्हिडिओ हिंदीचे असतात. त्यांत ‘ळ’ नसतो, ‘ज्ञ’चा उच्चार ‘ग्य’ होतो आणि ‘पैसा’तल्या ‘ऐ’चा सूरही वेगळा असतो. शिवाय कित्येक फाँटमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात. शाळेच्या पुस्तकातले वेगळे. छापून देण्याआधी ही दोन अक्षरं आणि ‘ळ’ तपासा. बालभारतीची पाठ्यपुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफ रूपात मोफत मिळतात, ती केव्हाही बरी. गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ आहे. तिथे पातळी १ पासून सुरू करा, पण पान उघडून जोडाक्षरं किती आहेत ते आधी पाहा. पातळी एकच असली तरी पुस्तकं सारखी सोपी नसतात.

माळ्यावरची जुनी पुस्तकं आजीने वाचून दाखवायला उत्तम, मुलाने वाचायला नकोत. शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ मध्ये आले. त्याआधीच्या छपाईत ‘नांव’, ‘कांहीं’, ‘घरीं’ असे अनुस्वार असतात आणि नुकतं वाचायला लागलेलं मूल ते उच्चारत बसतं.

मध्येच टोकणं

ही चूक सगळ्यात जास्त घरांत होते. मूल अडखळलं की शब्द आपणच सांगून मोकळे होतो. मनात पाच आकडे मोजा. वाक्य पूर्ण होऊ द्या. ‘घरात’ऐवजी ‘घरी’ वाचलं तर तिथे थांबवू नका, कारण अर्थ कळला आहे. अर्थच बिघडला असेल तर ‘हे बरोबर वाटतं का?’ एवढंच विचारा.

‘घर’ वाचताना ‘र’मधला ‘अ’ ताणून ‘घरऽ’ म्हणायला लावू नका. आपण तसं बोलत नाही. ‘चाक’ आणि ‘चिमणी’तला ‘च’ वेगळा असल्याने मूल एक शब्द दुसऱ्यासारखा उच्चारतं. ती वाचनाची चूक नाही. बरोबर उच्चार करून दाखवा आणि पुढे जा.

पाठ झालंय की वाचतंय?

चित्र हाताने झाका आणि पानावरचे शब्द खालून वर विचारा. किंवा त्यातलाच एक शब्द कोऱ्या चिठ्ठीवर लिहून द्या. तिथे अडलं तर पान पाठ आहे. अशा वेळी रागावण्यात अर्थ नाही. त्याच अक्षरांची नवी वाक्यं लिहून द्या.

केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द हे लक्ष्य आहे. पण म्हणून रोज घड्याळ लावून बसू नका, महिन्यातून एकदा पुरे. वेग वाढला आणि ‘काय झालं गोष्टीत?’ याचं उत्तर येत नसेल, तर मजकूर सोपा करा. रोज दहा-पंधरा मिनिटं बसा. रविवारी तासभर बसण्यापेक्षा ते जास्त उपयोगी पडतं.

दुसरी संपत आली तरी बिनमात्रेचे शब्द जमत नसतील, तर शिकवणी लावण्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या. दोन्ही ठीक असतील तर वर्गशिक्षकांशी बोला आणि बालरोगतज्ज्ञांकडून अध्ययन अक्षमतेच्या (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यात येणारी विशिष्ट अडचण) तपासणीसाठी पुढची चिठ्ठी घ्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये या अक्षमतेचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत सवलती मिळू शकतात. जाताना मुलाच्या वह्या सोबत न्या. खाडाखोड केलेल्या आणि अर्धवट सोडलेल्या आधी.