जुन्या पिकअपचा गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी

तीन-चार लाख किलोमीटर चाललेल्या पिकअपचा गिअर नीट पडेनासा झाला किंवा खालून आवाज येऊ लागला की ‘गिअरबॉक्स गेला’ असा निर्णय फार लवकर दिला जातो. प्रत्यक्षात इंजिनाची ताकद क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट (ताकद मागे नेणारा फिरता दांडा) आणि डिफरन्शियल (ती मागच्या दोन चाकांत वाटणारी गिअरपेटी) अशा क्रमाने मागच्या चाकांपर्यंत जाते, आणि गिअरबॉक्सच्या माथी मारले जाणारे बरेच दोष त्याच्या आधी किंवा नंतर असतात. बोलेरो पिकअपसारख्या, हाताने गिअर बदलायच्या डिझेल गाड्यांचे दोष ओळखण्याची पद्धत येथे दिली आहे.

सर्वप्रथम गाडी रोज चालवणाऱ्याला विचारावे. मालक बहुधा खर्च सांगतो, लक्षण सांगत नाही. त्रास गाडी थंड असताना होतो की गरम झाल्यावर, रिकामी असताना की भरलेली असताना, सगळ्या गिअरमध्ये की एकाच, एवढे कळले तरी अर्धी तपासणी होते. हिवाळ्यात सकाळी पहिले काही मिनिटे गिअर जड जात असेल आणि नंतर मोकळा होत असेल, तर ऑइल थंडीने घट्ट झालेले असते. त्याला दोष मानण्याचे कारण नाही.

त्यानंतर ऑइल पाहावे. गाडी समतल जागी उभी करून, चाकांना ठोकळे लावून गिअरबॉक्सच्या बाजूचा ऑइल भरण्याचा नट उघडावा. बहुतेक गिअरबॉक्समध्ये ऑइल त्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत असायला हवे. ऑइल बदलायचे असले तरी हा नट आधी सुटतो की नाही हे पाहूनच खालचा नट काढावा, नाहीतर ऑइल रिकामे होते आणि नवे भरायला वाट राहत नाही. निघालेल्या ऑइलचा थेंब बोटांत चोळून उजेडात धरावा. त्यात पिवळसर चमक दिसली तर सिंक्रोनायझरची, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या यंत्रणेची, पितळी रिंग झिजत आहे. खालच्या नटाच्या चुंबकावर राखाडी लगदा असणे या वयात साहजिक आहे, परंतु हाताला टोचणारे लोखंडी तुकडे मिळाले तर दात किंवा बेअरिंग तुटले आहे आणि गाडी पुढे चालवू नये. नवे ऑइल गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचेच भरावे. डिफरन्शियलसाठीचे काही ऑइल पितळी रिंगांना मानवत नाही. आवाज दाबण्यासाठी मुद्दाम घट्ट ऑइल भरण्याची युक्तीही काही जण करतात. जुनी पिकअप विकत घेताना हे ध्यानात ठेवावे.

आता क्लच. कसारा घाटासारख्या चढाला भरलेल्या गाडीच्या इंजिनाचा आवाज चढतो, पण वेग वाढत नाही आणि जळका वास येतो, तेव्हा क्लचप्लेट घसरत असते. खात्रीसाठी मोकळ्या जागी हँडब्रेक ओढून, पाय ब्रेकवर ठेवून, चौथा गिअर टाकावा आणि क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडले तर प्लेट पकडते आहे. इंजिन चालूच राहिले तर प्लेट संपली आहे. ही चाचणी वारंवार करू नये, कारण तिच्यानेच प्लेट तापते. याच्या उलट, इंजिन बंद असताना सर्व गिअर सहज पडतात आणि चालू केल्यावर मात्र अडतात, विशेषतः क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबूनही रिव्हर्स करकरतो, तर क्लच पूर्ण सुटत नाही. अशा वेळी क्लचचे तेल, पेडलकडचा वरचा व गिअरबॉक्सकडचा खालचा सिलिंडर आणि पेडलचा मोकळा प्ले (क्लचवर जोर येण्यापूर्वीची रिकामी हालचाल) तपासावा. मात्र करकर केवळ दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये होत असेल, तर संशय त्या गिअरच्या सिंक्रोनायझरवर जातो.

आवाजाचे निदान उभ्या गाडीपासून सुरू करावे. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये आणि पाय क्लचवरून दूर असताना घरघर येते, पण पेडल पूर्ण दाबताच थांबते, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचे किंवा त्याच्याशी दातांनी जोडलेल्या खालच्या काउंटर शाफ्टचे बेअरिंग झिजले आहे. पेडल दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे बेअरिंग, खराब आहे. पाय सतत क्लचवर टेकवून गाडी चालवणाऱ्यांकडे हे बेअरिंग लवकर संपते. चालत्या गाडीत चौथा गिअर उपयोगी पडतो. पाच गिअरच्या अशा गिअरबॉक्समध्ये तो सहसा थेट असतो, म्हणजे ताकद काउंटर शाफ्टला वळसा न घालता सरळ मागे जाते. इतर गिअरमध्ये येणारी घरघर चौथ्यात बरीच कमी झाली, तर दोष काउंटर शाफ्टकडे शोधावा.

गिअर आपोआप न्यूट्रलमध्ये सटकत असेल, आणि तेही उतारावर ॲक्सिलरेटर सोडल्यावर, तर आधी गिअरबॉक्सखालचे रबरी माउंटिंग आणि गिअर लिव्हरची जोडणी पाहावी. माउंटिंग फाटले की गिअरबॉक्स हलतो आणि गिअर पूर्ण बसत नाही. हे ठीक असेल तर फोर्क (गिअर सरकवणारा आतला काटा), गिअर अडकवून ठेवणारी गोळी-स्प्रिंग किंवा गिअरचे दात झिजलेले असतात. त्यांच्यासाठी गिअरबॉक्स उघडण्यावाचून मार्ग नाही.

गाडी जागेवरून निघताना ‘खट्’ असा एकच आवाज येतो तो बहुधा प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा, म्हणजे टोकाच्या वळत्या सांध्याचा, असतो. इंजिन बंद ठेवून, चाके अडवून शाफ्ट हाताने दोन्ही बाजूंना फिरवला की ढिलाई कळते. वेगाबरोबर वाढणारी आणि न्यूट्रलमध्ये गाडी घरंगळतानाही टिकणारी गूं-गूं डिफरन्शियल किंवा चाकाच्या बेअरिंगकडे बोट दाखवते. खाली शिरताना गाडी केवळ जॅकवर ठेवू नये, मजबूत टेकू द्यावेत.

एवढ्यानंतरही गिअरबॉक्स उतरवावाच लागला, तर क्लचप्लेट, रिलीज बेअरिंग आणि इंजिनाचे मागचे ऑइल सील त्याच वेळी पाहून घ्यावे, कारण तेथे पोहोचण्याची मजुरी पुन्हा तेवढीच द्यावी लागते. काढलेले सुटे भाग मेस्त्रीकडून परत मागून घ्यावेत.