पेशंटसोबत थांबताना: नळ्या मोजा, हात धुवा, रोज विचारा

वडिलांच्या मांडीच्या हाडाचं ऑपरेशन छान झालं. पाचव्या दिवशी संध्याकाळी हुडहुडी भरून ताप आला. लघवीत जंतू निघाले. ऑपरेशनच्या दिवशी घातलेली लघवीची नळी काढायची राहूनच गेली होती, आणि शेजारी बसून मीही ती रोज बघत होते. त्यानंतर घरातलं कुणी ॲडमिट झालं की मी काय करते, ते सांगते.

दाखल होताना नसलेला आणि ४८ तास उलटल्यावर उद्भवलेला संसर्ग साधारणपणे रुग्णालयातला धरतात. जंतू आत शिरतात ते बहुतेकदा नळीवाटे, जखमेवाटे किंवा कुणाच्या तरी हातांवरून.

म्हणून पहिल्याच दिवशी अंगावरच्या नळ्या मोजा आणि कोणती कधी घातली ते वहीत लिहा. सकाळच्या राउंडला डॉक्टरांना विचारा, "ही नळी आज काढता येईल का?" माझ्या मते सोबत्याच्या हातातलं सर्वांत मोठं काम हेच. लघवीची नळी आत राहिली की लघवीत जंतू होण्याचा धोका दर दिवशी साधारण ३ ते ७ टक्के असतो. मात्र नळी स्वतः कधीही ओढू नका.

लघवीची पिशवी कमरेच्या खाली लटकलेली हवी, पण जमिनीला टेकता कामा नये. एक्स-रेला नेताना ती हमखास पेशंटच्या पोटावर ठेवली जाते आणि साचलेली लघवी उलटी मूत्राशयात जाऊ शकते. तेव्हा लगेच वॉर्डबॉय मामांना सांगा. पिशवी रिकामी करताना तोटी भांड्याला लागू देऊ नका.

सलाईनच्या सुईची जागा दिवसातून दोन-तीनदा बघा. लाली, सूज, गरमपणा, दुखणं यांपैकी काहीही दिसलं तर सिस्टरना बोलवा, सलाईन संपायची वाट बघू नका.

आता हात. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेले बाळंतिणींचे मृत्यू उन्हाळ्यात २ टक्क्यांच्या आसपास आले. तेव्हा जंतूंमुळे रोग होतात हेही सिद्ध झालं नव्हतं! सॅनिटायझर २० ते ३० सेकंद चोळा, साबणाने धुवायला ४० ते ६० सेकंद द्या. अंगठा आणि नखांच्या कडा हमखास राहतात. पेशंटला जुलाब असतील तर साबण-पाणीच वापरा, कारण जुलाबाचे काही जंतू सॅनिटायझरला दाद देत नाहीत. डॉक्टरांना "हात धुतले का?" विचारायला जीभ रेटत नाही, हे मला ठाऊक आहे. मी बाटली पलंगाच्या पायथ्याशी ठेवते आणि कुणी जवळ आलं की "घ्या ना" म्हणून पुढे करते. आजवर कुणी रागावलेलं नाही.

ऑपरेशनआधी घरी रेझरने केस काढू नका; बारीक ओरखड्यांत जंतू साठतात. मधुमेह असेल तर साखरेचं आधीच बोलून घ्या. सर्दी-खोकला असलेल्या पाहुण्यांना फोनवरच भेटायला सांगा.

घरी आल्यावरही टाक्यांकडे लक्ष असू द्या. जखमेतला संसर्ग ३० दिवसांपर्यंत उद्भवू शकतो, सळी किंवा कृत्रिम सांधा बसवला असेल तर ९० दिवसांपर्यंत. पू, वाढती लाली किंवा ताप दिसला तर डिस्चार्ज कार्ड घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.