ब्राउझर स्लो झाला म्हणून नवा कॉम्प्युटर घ्यायला निघालात? आधी या चुका टाळा

मे महिन्यात भर दुपारी अडीच वाजता शेजारच्या काकांचा फोन, "पोरा, कालपासून साईटच खुलून नाही राहिली, नुस्तं गोल गोल फिरून राहिलं. येऊन पाय ना एकदा." पीककर्जासाठी सातबारा काढायचा होता. गेलो तर त्यांच्या पोरानं तालुक्यावरून नव्या कॉम्प्युटरचं ३२ हजाराचं कोटेशन आणूनच ठेवलेलं. म्हटलं काका, तासभर थांबा, मग काय घ्यायचं ते घ्या. त्या तासात जे जे सापडलं ते आमच्या यवतमाळ-अमरावतीकडच्या निम्म्या घरात सापडते, म्हणून लिहून काढतो आहे.

पहिली चूक म्हणजे दोष कोणाचा हे न पाहता हात घालणं. काकांचं नेट म्हणजे मोबाईलचा हॉटस्पॉट, रोजचा दीड जीबी, तो नातवानं सकाळीच क्रिकेट पाहून उडवलेला. बऱ्याच प्लॅनमध्ये रोजचा डेटा संपला की नेट बंद होत नाही, स्पीड ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे वरून कांड्या दिसतात पण आत काहीच सरकत नाही, आणि शिव्या मात्र ब्राउझरला (म्हणजे क्रोम, एज असं साईट उघडायचं सॉफ्टवेअर). त्यामुळे आधी तीच साईट त्याच नेटवर मोबाईलमध्ये उघडून पाहा. मोबाईलवरही रडत असेल तर नेट नाहीतर साईटचं सर्व्हर, तुमचा कॉम्प्युटर सुटला. (फॉर्मच्या शेवटच्या तारखेला तर कोणाच्याच घरी काही खुलत नाही, पहाटे पाचला उठून भरा.) मोबाईलवर चालते पण कॉम्प्युटरवर नाही, तर क्रोममध्ये कंट्रोल शिफ्ट एन दाबून इनकॉग्निटो खिडकीत उघडा. तिथं एक्स्टेंशन (ब्राउझरला वरून जोडलेली छोटी सॉफ्टवेअरं) सहसा बंद असतात, जुन्या कुकीज (साईटनं ठेवलेल्या नोंदी) नसतात, म्हणून तिथं नीट चाललं तर समजायचं की कचरा ब्राउझरमध्येच आहे. ही दोन मिनिटाची तपासणी कोणी करतच नाही राव.

काकांनी दुसऱ्या मोबाईलचं नेट दिलं तरी स्लोच. मग दिसलं, उजव्या कोपऱ्यात दर मिनिटाला पाटी येऊन राहिली की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडले, लगेच साफ करा. काका घाबरून प्रत्येक पाटीवर क्लिक करत होते आणि त्यातूनच एक 'बूस्टर' आणि एक 'क्लीनर' उतरवून बसले होते. हा व्हायरस नाही हो, ही अलाऊची सवय आहे. कुठल्यातरी साईटवर पिक्चर शोधताना "रोबोट नाही हे दाखवायला अलाऊ दाबा" असं येते, आपण दाबतो, आणि त्या साईटला तुमच्या स्क्रीनवर केव्हाही पाटी लावायचा परवाना मिळतो. क्रोममध्ये सेटिंग, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साईट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन, तिथं अलाऊच्या यादीत जी अनोळखी नावं दिसतील ती काढून टाका. काकांच्या यादीत १९ नावं होती, ओळखीचं एक पण नाही. ती काढली, बूस्टर-क्लीनर अनइन्स्टॉल केले, निम्मा कॉम्प्युटर तिथंच सुटला.

स्लो झाला की लोकं काहीतरी टाकतात, काढत कोणी नाही. माझं तर उलटंच म्हणणं आहे, दहापैकी आठ वेळा काढण्यानंच काम होते. दोन-दोन अँटीव्हायरस तर सर्रास, दुकानदारानं एक टाकून दिला आणि पोरानं फुकटचा दुसरा टाकला, मग दोघं मिळून प्रत्येक फाईल दोन वेळा तपासतात आणि तुम्ही चार जीबी रॅमवर बसून वाट पाहता. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर हा विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस आधीच असतो, घरच्या वापराला तो चालतो, ब्राउझर आणि विंडोज अपडेट ठेवलं तर. एक्स्टेंशनचंही तेच, कूपनवालं, पीडीएफ कन्व्हर्टरवालं, व्हिडिओ डाऊनलोडवालं, लक्षात नाही ते काढा. आणि खरंच कोण खाऊन राहिलं हे पाहायचं असेल तर क्रोममध्ये शिफ्ट एस्केप दाबा, ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो, कोणता टॅब किती मेमरी घेतो ते नावानिशी दिसते.

कॅशे रोज साफ करणाऱ्यांचा एक वेगळा पंथ आहे. अरे कॅशे म्हणजे साईटची चित्रं-बित्रं घरात साठवून ठेवलेली असतात, पुन्हा आणायला लागू नये म्हणून. तुम्ही रोज फेकता आणि रोज तेच दीड जीबीतून परत आणता. एखादं पान अर्धवट किंवा जुनंच दिसत असेल तर कंट्रोल एफ ५ दाबून पाहा, नाहीच झालं तर त्या एकाच साईटचा डेटा काढा. सगळं साफ करायला गेलात आणि ॲडव्हान्स्डमध्ये पासवर्डच्या चौकटीवर टिक राहिली तर सेव्ह केलेले पासवर्ड पण गेले समजा, मग सगळीकडे ओटीपी मागत फिरा.

आता खरी गंमत. एवढं करूनही सातबाऱ्याची साईट लाल पाटी दाखवायची की तुमचं कनेक्शन खाजगी नाही, आणि काकांना पोरानं शिकवलं होतं की खाली ॲडव्हान्स्ड दाबून पुढं जायचं, विचार करायचा नाही. मी कोपऱ्यातली तारीख पाहिली तर १ जानेवारी २०१२! साईटच्या सर्टिफिकेटवर (तिच्या ओळखीचा दाखला) कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असते, कॉम्प्युटर २०१२ मध्ये बसला असेल तर त्याला वाटते हे सर्टिफिकेट अजून सुरूच नाही झालं, म्हणून तो अडवतो. त्याचं चुकत नाही. चूक मदरबोर्डवरच्या (कॅबिनेटमधल्या मुख्य सर्किटवरच्या) त्या आठाण्याएवढ्या सेलची, सीआर २०३२, तीन व्होल्टचा, तो मेला की मेन बटन बंद केलं किंवा लाईट गेली की घड्याळ मागे जाते. आणि आपल्याकडे लाईट जाण्याचं काही सांगायला नको. सेल घड्याळाच्या दुकानात पण मिळते. तो बदला, तारीख नीट लावा, पाटी आपोआप जाईल. पण तारीख बरोबर असूनही बँकेच्या पानावर लाल पाटी आली तर ॲडव्हान्स्ड-बिडव्हान्स्ड काही दाबू नका, पान बंद करा. रोज पाटी ओलांडायची सवय लागली की खऱ्या दिवशीही बोट तिथंच जाते.

सेलसाठी कॅबिनेट उघडलं तेव्हा मी दोन मिनिटं पाहतच राहिलो. भाव येईल म्हणून काकांनी कापूस घरातच ठेवलेला, त्याच खोलीत कॉम्प्युटर, आणि प्रोसेसरच्या पंख्यावर कापसाची अशी पोळी जमलेली की पंखा फिरायचा पण हवा खाली पोचतच नव्हती. बाहेर ४५ डिग्री. प्रोसेसर तापला की तो स्वतःला वाचवायला मुद्दाम हळू चालतो, आणि सगळ्यात आधी कळते ते ब्राउझरमध्ये, कारण जड काम तोच करतो. प्लग काढून, पंखा बोटानं धरून मऊ ब्रशनं साफ केला. पंक्चरच्या दुकानातली हवा मारू नका, त्यात पाणी येते आणि पंखा भन्नाट फिरून बेअरिंग जाते, एका मित्राचा असाच गेला.

जुन्या विंडोजचं मात्र ब्रशनं होत नाही. विंडोज ७ वर क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, जानेवारी २०२३ ची, त्याच्या पुढं तो जातच नाही. नव्या पद्धतीनं बनवलेल्या साईटी तिथं कोऱ्या दिसतात किंवा बटन दाबलं तरी काही होत नाही, आणि आपण नेटला दोष देतो. फायरफॉक्स या दुसऱ्या ब्राउझरनं ११५ ही ईएसआर (जास्त काळ सांभाळायची) आवृत्ती विंडोज ७ साठी त्यानंतरही बराच काळ चालवली, पण ते टेकू लावण्यासारखं आहे, बँकेचं काम त्यावर करू नका. इंटरनेट एक्सप्लोरर तर १५ जून २०२२ लाच बंद झाला, एखादी जुनी साईट तोच मागत असेल तर एजमध्ये त्याचा आयई मोड आहे, त्यात ती जुन्या पद्धतीनं उघडते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन जुनी पण ठीक असेल तर हार्डडिस्क काढून एसएसडी (तिच्याहून वेगवान डिस्क) टाका, मग नवी विंडोज बसते का पाहा, नाहीतर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम टाका, फॉर्म आणि यूट्यूबला भरपूर आहे. तालुक्याच्या एका दुकानदारानं आमच्या घरच्या मशीनला फुकटची विंडोज टाकून अपडेटच बंद करून दिली होती, "स्लो नाही होणार भाऊ" म्हणून. दोन वर्षं आम्हाला पत्ता नाही. डेटा वाचवायला हॉटस्पॉट मीटर्ड (म्हणजे विंडोजला डेटा जपून वापरायला सांगणारं सेटिंग) करणाऱ्यांचंही असंच होते, ठेवा मीटर्ड, पण महिन्यातून एकदा चांगलं नेट पकडून अपडेट हातानं चालवा.

घरातल्या सगळ्यांचा एकच कॉम्प्युटर असेल तर अजून एक. विंडोजला पासवर्ड नसेल तर ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड कोणीही सेटिंग उघडून वाचू शकते, पाहुण्याचं पोरगं पण. पाहुण्याला ब्राउझरची गेस्ट विंडो द्या, त्यात तुमचे पासवर्ड दिसत नाहीत. बँकेचा पत्ता गुगलवर शोधून पहिल्या लिंकवर जाऊ नका, ती कधी कधी जाहिरात असते. रिझर्व्ह बँकेनं बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इन या पत्त्यावर यायला सांगितलं होतं, तो शेवट पाहा आणि बुकमार्क करून ठेवा. पैसे गेलेच तर वाट न पाहता १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाईन नंबर लावा.

तर काकांचा सातबारा. १५ रुपये भरले आणि पावतीची खिडकीच येईना, पॉपअप (वेगळी उघडणारी खिडकी) ब्लॉक होता. पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला बारीक चिन्ह येते, तिथून फक्त त्या साईटला परवानगी दिली. पीडीएफ उघडली तर सहीवर प्रश्नचिन्ह, काका म्हणे "हे डुप्लिकेट तं नाही न बे?" नाही काका, क्रोम पीडीएफ दाखवतो पण डिजिटल सही तपासत नाही. फाईल ॲडोबी रीडरमध्ये उघडा, सहीवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीजमधून सर्टिफिकेटवर ट्रस्ट द्या, पुन्हा व्हॅलिडेट करा, हिरवी टिक येते. हे फक्त स्वतः सरकारी साईटवरून उतरवलेल्या फाईलला करायचं, व्हॉट्सॲपवर आलेल्याला नाही. साडेचारला हिरवी टिक आली, काकूंनी उसाचा रस आणला, आणि ३२ हजाराच्या कोटेशनच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काकांनी कापसाचा हिशोब मांडायला घेतला.