अल ऐन पाण्याच्या क्रमाने पाहावे: दुबईला जाणाऱ्या मुंबईकरांसाठी

दुबईत भाऊ, बहीण किंवा मुलगा नोकरीला आहे आणि त्या निमित्ताने आठवडाभर तिकडे जाणे झाले, असे मुंबईतल्या पुष्कळ मराठी घरांत घडते. त्या आठवड्यातले दोन दिवस, निदान एक दिवस तरी, अल ऐनसाठी राखून ठेवावा. अबू धाबी अमिरातीतील मरूद्यानांचे हे शहर दुबईपासून सुमारे १३० किलोमीटरवर, ओमानच्या सीमेला चिकटून वसले आहे आणि तेथील पुरातत्त्वीय स्थळांचा व सहा मरूद्यानांचा समावेश २०११ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला आहे. तरीही अनेक पाहुणे प्राणिसंग्रहालय आणि डोंगरावरचा सूर्यास्त एवढेच पाहून परततात. शहर पाहण्याचा क्रम पाण्याचा धरावा: पाणी जिथून येते तिथून सुरुवात करावी, ते जिथे पोहोचते तिथे जास्तीत जास्त वेळ द्यावा, आणि किल्ले व राज्यकर्ते यांच्याकडे त्यानंतर वळावे.

निघण्यापूर्वी एखादी दुपार मुंबईच्या फोर्ट भागात घालवली तर ती वाया जात नाही. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील सिंधू संस्कृतीच्या वस्तू नीट पाहून ठेवाव्यात, कारण त्याच संस्कृतीची मातीची भांडी अल ऐनमधील हिली येथील उत्खननात सापडली आहेत. आखाताशी मुंबईचे नाते त्याहून पुष्कळ अलीकडचेही आहे. आखातातील ब्रिटिश रेसिडेंटचा, म्हणजे तिथल्या ब्रिटिश राजकीय प्रतिनिधीचा, कारभार १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या अखत्यारीत होता. अबू धाबीत तर १९६६ पर्यंत भारतीय रिझर्व्ह बँकेने १९५९ पासून खास आखातासाठी काढलेला रुपया चालत असे. आपल्याकडे रुपयाचे अवमूल्यन झाल्यावर त्यांनी तो सोडला.

अल ऐनला पोहोचल्यावर प्रथम शहराच्या दक्षिणेकडील जबल हफीत गाठावा. हा चुनखडीचा डोंगर सुमारे १,२४० मीटर उंच, म्हणजे सिंहगडापेक्षा थोडा कमी आहे, आणि जवळजवळ माथ्यापर्यंत गाडीरस्ता जातो. सूर्यास्ताची वाट न पाहता सकाळीच जावे, कारण येथून वाचायचा आहे तो भूगोल, आणि त्यासाठी स्वच्छ उजेड लागतो. पूर्वेकडे हजर पर्वताची रांग दिसते, पश्चिमेकडे वाळू, आणि मधल्या सपाटीवर हिरवे तुकडे. मुंबईत जुलैतल्या एका जोरदार दिवशी जेवढा पाऊस पडतो, साधारण तेवढाच अल ऐनच्या वाट्याला वर्षभरात येतो. परंतु हजर पर्वतावर पडणारे पाणी वाद्यांतून, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या नदीपात्रांतून, खाली उतरते, दगडगोट्यांच्या थरात मुरते आणि जमिनीखालून पश्चिमेकडे सरकते. ते सपाटीवर जिथे फारसे खोल नव्हते, तिथेच वस्ती झाली. डोंगराच्या पायथ्याशी सुमारे ५,००० वर्षांपूर्वीची दगडी, घुमटाकार थडगी आहेत. उतरताना ती पाहून पुढे निघावे.

पुढचा थांबा उत्तरेकडील हिली. येथील मोठे थडगे इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या सहस्रकातील असून त्याचा व्यास सुमारे १२ मीटर आहे. दगड पुन्हा रचून ते उभे केलेले आहे हे ध्यानात ठेवावे आणि प्रवेशद्वारावरील कोरीव काम जवळ जाऊन पाहावे: दोन माणसे आणि त्यांच्या दोन्ही बाजूंस लांब शिंगांचे ओरिक्स हरिण. हजर पर्वतातील तांबे मेसोपोटेमियाकडे जात असे, त्या व्यापाराच्या काळातील ही वस्ती आहे. मात्र हिलीचे खरे महत्त्व थडग्यात नाही. सुमारे ३,००० वर्षांपूर्वी येथे फलज खणले गेले, आणि विहिरीभोवतीच्या लहानशा शेतीचे रूपांतर मोठ्या बागाईतीत झाले. फलज म्हणजे डोंगराकडच्या भूजलाच्या थरापासून अत्यंत सौम्य उताराने शेतापर्यंत आणलेला भुयारी पाट. ठरावीक अंतरावर वरून विवरे खणलेली असतात. माती उपसण्यासाठी, हवेसाठी आणि पुढे दुरुस्तीसाठी ती उपयोगी पडतात. पाणी कोणत्याही यंत्राशिवाय, केवळ उतारावर वाहते आणि भुयारातून येत असल्यामुळे उन्हात आटत नाही.

आता शहराच्या मध्यावरील अल ऐन मरूद्यानात जावे आणि तेथे किमान तीन तास काढावेत. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. मातीच्या भिंतींमधल्या अरुंद वाटांवर सायकलीही मिळतात, पण पायीच फिरलेले बरे. सायकलवरून पाट दिसत नाहीत. वर खजुराचे छत्र, त्याच्या सावलीत आंबा आणि लिंबूवर्गीय झाडे, आणि अगदी खाली लसूणघास अशी तीन मजल्यांची ही शेती आहे. ज्यांनी कोकणातील नारळी-पोफळीच्या बागेत पाटाचे पाणी आळ्यातून आळ्यात फिरताना पाहिले आहे, त्यांना येथली व्यवस्था समजावून सांगावी लागत नाही. फरक आहे तो हिशेबाचा. प्रत्येक बागेची पाळी ठरलेली असे; दिवसा काठीच्या सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून वेळ मोजली जाई, आणि वाटपावर अरीफ या नावाचा जाणकार देखरेख ठेवी. पाळी संपली की बागेचे तोंड बंद करून पाणी शेजाऱ्याकडे वळवायचे. फलज आणि त्याविषयीचे हे पारंपरिक ज्ञान २०२० साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीतही नोंदले गेले.

ऋतू निवडताना थोडी पंचाईत होते. फिरण्यासाठी नोव्हेंबर ते मार्च हाच काळ योग्य, परंतु खजूर पिकतो ऐन उन्हाळ्यात, जेव्हा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चच्या आरंभी गेल्यास निदान परागीकरण पाहायला मिळण्याचा संभव असतो: कमरेभोवती दोराचा पट्टा टाकून माळी झाडावर चढतो आणि नरझाडाच्या फुलोऱ्याची काडी मादीझाडाच्या फुलोऱ्यात स्वतःच्या हाताने बांधतो.

इतके पाहिल्यावर किल्ल्यांचा अर्थ आपोआप लागतो. बागा ज्याच्या हातात, त्याच्या हातात हा प्रदेश. म्हणूनच १८९१ मध्ये अबू धाबीचे शेख झायद बिन खलिफा यांनी अल जाहिली किल्ला बांधायला घेतला. त्याचा मजल्यामजल्याने निमुळता होत जाणारा गोल बुरूज अवश्य पाहावा. त्यांचे नातू शेख झायद, म्हणजेच पुढे संयुक्त अरब अमिरातीचे पहिले अध्यक्ष झालेले झायद बिन सुलतान, १९४६ पासून १९६६ पर्यंत येथे राज्यकर्त्याचे प्रतिनिधी होते. जुने फलज दुरुस्त करणे, अल सारूज हा नवा फलज खणवणे आणि पाण्यावरील श्रीमंतांची मक्तेदारी मोडणे, ही त्यांची तेव्हाची कामे होती; राजकारणाचे धडे त्यांनी पाण्याच्या पाळ्यांवर गिरवले असे म्हटले तर ती अतिशयोक्ती नाही. तेलाच्या आशेने १९५२ मध्ये सौदी तुकडीने शेजारच्या हमासा गावात तळ दिला आणि १९५५ मध्ये ब्रिटिशांच्या हाताखालील स्थानिक फौजेने तिला हुसकावले. या मरूद्यान-परिसरातील नऊ गावांपैकी सहा अबू धाबीकडे, तर बुरैमीसह तीन ओमानकडे राहिली.

आजचे शहर मात्र या फलजांवर जगत नाही. उपशामुळे भूजल खोल गेले, मरूद्यानातील पाटांत आता पंपाने पाणी सोडले जाते, आणि पिण्यासाठी समुद्राचे गोडे केलेले पाणी नळाने दुरून येते. पाटात पाणी दिसले म्हणजे ते थेट डोंगरातून आले असे समजू नये. ते कुठून सोडले जाते हे तेथील माळ्याला विचारावे. त्यांतले पुष्कळ जण भारतीय उपखंडातले असल्यामुळे हिंदीत सहज बोलणे होते.

एकच दिवस असेल तर सकाळी जबल हफीत, दुपारी मरूद्यान आणि संध्याकाळी अल जाहिली असा बेत करावा. हिली नाइलाजाने सोडावे, उंटांचा बाजार मात्र बिनदिक्कत सोडावा. दुबईतील अल घुबैबा स्थानकावरून बस मिळते, परंतु अल ऐनमधील ठिकाणे एकमेकांपासून लांब असल्याने तिथे टॅक्सी धरावी लागते. बुरैमी कितीही जवळ दिसले तरी एकदाच प्रवेश देणाऱ्या व्हिसावर सीमा ओलांडू नये, कारण परत येण्यासाठी नवा व्हिसा काढावा लागतो.