मुंबईत तीन दिवस: चिकित्सक खवय्याने निघण्यापूर्वी करावयाची तयारी

मुंबईला केवळ खाण्यासाठी जायचे ठरले की सर्वप्रथम ठिकाणांची यादी होते. मित्र नावे सुचवतात, आपण ती वहीत उतरवतो, आणि दादरला उतरल्यावर लक्षात येते की त्यांतली निम्मी ठिकाणे त्या वेळी उघडीच नसतात आणि उरलेली शहराच्या दुसऱ्या टोकाला आहेत. पदार्थ कसा होतो आणि तसाच का होतो, हे विचारल्याशिवाय ज्याला घास गोड लागत नाही, अशा खवय्याने म्हणूनच नावांऐवजी वेळांपासून सुरुवात करावी. एका आडव्या कागदावर चार रकाने आखावेत: वार, वेळ, जवळचे स्थानक आणि ‘विचारायचे काय’. ज्या ओळीत चौथा रकाना कोरा राहील ती ओळ निःसंकोच खोडावी. तिथले खाणे उत्तम असेलही, परंतु तीन दिवसांत धडपणे नऊ-दहा वेळाच खाता येते आणि त्यांतली एकही वेळ नुसती नावापायी खर्च करणे परवडत नाही.

महिना आधी ठरवावा. मासे पाहायचे असतील तर १ जून ते ३१ जुलै हा काळ वगळावा, कारण पश्चिम किनाऱ्यावर त्या दोन महिन्यांत यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. वर्षाचा मसाला कांडून घेण्याचे दिवस उन्हाळ्याचे, उंधियूचे दिवस थंडीचे, आणि रमजानच्या रात्री दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतात. हे सगळे एका फेरीत साधणार नाही, हे मान्य करून टाकावे. माझ्या मते मार्चचा दुसरा पंधरवडा सर्वांत सोयीचा. मासे मिळतात, लालबागच्या मिरच्यांच्या दुकानांत वर्दळ सुरू झालेली असते, महात्मा जोतिबा फुले मंडईत, म्हणजे जुन्या क्रॉफर्ड मार्केटात, हापूसच्या पेट्या दिसू लागतात, आणि उकाडा अजून अंगावर येत नाही. एप्रिलच्या सुमारास डबेवाले गावच्या जत्रांसाठी काही दिवस रजेवर जातात, तेव्हा केवळ त्यांच्यासाठी जाणाऱ्याने आधी चौकशी करावी.

वारांचाही हिशेब आहे. रविवारी डबे निघत नाहीत आणि लॅमिंग्टन रस्त्यावरची इलेक्ट्रॉनिक वस्तूंची बहुतेक दुकाने बंद असतात, माटुंग्याच्या जुन्या उडुपी खाणावळींपैकी काहींची सुट्टी सोमवारी असते, भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असते. केळीच्या पानावरच्या जेवणाची स्वप्ने पाहत मी एकदा सोमवारी भर दुपारी माटुंग्याला पोहोचलो आणि ओढलेल्या शटरकडे पाहून परतलो; चूक सर्वस्वी माझीच होती. गुरुवारी सकाळी पोहोचून शनिवारी रात्री निघावे, म्हणजे या तिन्ही अडचणी टळतात. मुक्काम शक्यतो दादरला ठेवावा. मध्य आणि पश्चिम रेल्वे तिथे एकत्र येतात, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झालेली आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रोही तिथूनच जाते. या मेट्रोमुळे गिरगाव, काळबादेवी, चर्चगेट आणि वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र एकाच मार्गावर आले आहे. भुयारात मोबाइलच्या जाळ्याचा भरवसा धरू नये. तिकीट आणि नकाशा वर असतानाच उतरवून घ्यावा.

डबेवाल्यांसाठी एक पूर्ण सकाळ राखून ठेवावी, आणि जाण्यापूर्वी त्यांची खूण वाचायला शिकावे. त्याशिवाय चर्चगेटबाहेरचे दृश्य म्हणजे नुसती गर्दी वाटते. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या व्यवस्थेत मावळ, जुन्नर, आंबेगाव, खेड या भागांतली माणसे पिढ्यान्‌पिढ्या काम करत आली आहेत. डब्याच्या झाकणावर रंगाने काढलेली अक्षरे आणि आकडे हाच संपूर्ण पत्ता. पुष्कळदा उदाहरण म्हणून दिली जाणारी खूण घेऊ: मध्ये मोठा ३, एका कडेला ‘ई’, एका कडेला ‘व्हीएलपी’ आणि एका कडेला ‘९ ईएक्स १२’. ३ म्हणजे ज्या स्थानकावर डबा उतरायचा त्याचा क्रमांक. ‘९ ईएक्स १२’ म्हणजे नऊ क्रमांकाच्या माणसाने एक्स्प्रेस टॉवर्समध्ये बाराव्या मजल्यावर पोहोचवायचा. ‘व्हीएलपी’ म्हणजे रिकामा डबा परत जायचे स्थानक विलेपार्ले, आणि ‘ई’ म्हणजे घरून डबा उचलणारा माणूस. ग्राहकाचे नाव कुठेच नाही. प्रत्येक टप्प्यावरच्या माणसाने खुणेतला आपल्यापुरता तुकडा वाचायचा आणि बाकीच्याकडे पाहायचेही नाही, ही खरी युक्ती आहे, आणि संगणकाच्या जाळ्यात माहितीची पाकिटे याच तत्त्वाने फिरतात हे कळणाऱ्याला ती अधिक भावते.

सकाळी सव्वाअकरापर्यंत चर्चगेट गाठावे, रस्त्याच्या कडेला भिंतीला टेकून उभे राहावे आणि एकाच डब्यावर नजर ठेवावी. लांबट लाकडी पाटीतून तो जमिनीवर उतरतो, हातोहात दुसऱ्या रांगेत जातो आणि काही मिनिटांतच सायकलवर किंवा हातगाडीवर चढून दिसेनासा होतो. त्या वेळी कोणालाही थांबवून प्रश्न विचारू नयेत, त्यांच्या वाटेत कॅमेरा धरू नये. भरलेल्या पाटीचे वजन साठ किलोच्या घरात जाते आणि ती डोक्यावर घेतलेल्या माणसाला आपल्यासाठी थांबणे शक्य नसते. करोनानंतर घरून काम करण्याची पद्धत वाढल्यामुळे डब्यांची संख्या पूर्वीपेक्षा बरीच घटली आहे, त्यामुळे जुन्या लेखांतले आकडे मनात धरून जाऊ नये.

मासळीसाठी कुलाब्याचा ससून डॉक. १८७५ मध्ये खुल्या झालेल्या या गोदीत पहाटे पाचच्या सुमारास लिलाव रंगात असतो आणि उजाडेपर्यंत पुष्कळसा माल हललेला असतो. त्या वेळी लोकलवर अवलंबून राहण्यापेक्षा आदल्या रात्रीच टॅक्सी सांगून ठेवावी. भिजले तरी चालेल असे, न घसरणारे बूट घालावेत. बर्फाचे पाणी, खवले आणि रक्त यांनी फरशी निसरडी झालेली असते. छायाचित्रणावर निर्बंध आहेत, म्हणून वही न्यावी आणि सोबत पेन्सिल ठेवावी, कारण शाई ओल्या हाताने फिसकटते. पाहण्याची गोष्ट म्हणजे बोंबील. ताज्या बोंबलाच्या मांसात सुमारे नव्वद टक्के पाणी असते; तो हातात घेतला की जेलीसारखा लोंबतो. तळण्यापूर्वी त्याला चिरून, पाट्या-वरवंट्याखाली किंवा जड फळीखाली दाबून का ठेवतात, आणि समुद्रकाठी बांबूंच्या वलांडीवर टांगून उन्हात का वाळवतात, याचे उत्तर त्या एका स्पर्शात मिळते. कोळणीला विचारायचे असेल तर आधी तिच्याकडून एखादा वाटा विकत घ्यावा, मग विचारावे. फुकटच्या चौकशीला धंद्याच्या वेळी कोण उत्तर देणार?

डॉकवरून परतताना धोबी तलावाजवळच्या कयानीत न्याहारी करावी. १९०४ पासूनचे हे इराणी हॉटेल आहे. तिथे ब्रून मस्का, म्हणजे कडक पाव आणि लोणी, आणि चहा मागवून ब्रूनचा कडक पापुद्रा आणि आतला मऊ गाभा वेगवेगळा खाऊन पाहावा. पाव या शब्दासारखाच पावही पोर्तुगीजांकडून गोव्यामार्गे मुंबईत आला, आणि पूर्वी तो फुगवण्यासाठी ताडी वापरत. २०२५ च्या आरंभी मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. त्यामुळे जिथे जाल तिथे भट्टी कशावर चालते हे अवश्य विचारावे आणि जमल्यास दोन वेगवेगळ्या भट्ट्यांचे पाव शेजारी ठेवून तुलना करावी. दुपारी बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानियात (स्थापना १९२३) बेरी पुलाव घ्यावा. त्यातली लालसर आंबट फळे, म्हणजे झरेश्क, इराणची आहेत. तिथे दुपारच्या जेवणाचीच वेळ असते, हे कागदावर ठळक लिहावे.

पोटाची तयारी ही सामानाच्या तयारीइतकीच महत्त्वाची. एकट्याने जाऊ नये. तिघे असावेत, चौथा आला तर टेबल मिळायला वेळ लागतो. प्रत्येक ठिकाणी दोनच पदार्थ मागवून तिघांत वाटावेत. एका दिवशी एकाच पदार्थाची दोन रूपे समोरासमोर आणावीत: माटुंग्यात कॅफे मद्रास (१९४०) किंवा रामा नायक यांची उडुपी खाणावळ (१९४२) येथील गुळाचा हात लागलेले सांबार, आणि त्याच परिसरातले तमिळ वळणाचे सांबार. दादरला मिसळ, साबुदाणावडा आणि पियूष यांचे असेच. वडापावासाठी वेगळी वेळ काढू नये. १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी दादर स्थानकाबाहेर तो विकायला सुरुवात केली असे मानले जाते, आणि तो आजही गाडी पकडता पकडता खाण्याचाच पदार्थ आहे.

पिशवीत एक रिकामा स्टीलचा डबा, चमचा, खिशात मावणारा वजनकाटा, पाण्याची बाटली, सुटे पैसे, आणि नावे लिहिण्यासाठी चिकटपट्टी ठेवावी. स्वयंपाकाचा तापमापक नेण्याचा मोह होईल. मी तो एकदा नेला आणि फिल्टर कॉफीच्या वाटीत बुडवला. वाढप्याने माझ्या हातातले ते उपकरण पाहिले, एक शब्दही न बोलता कॉफी उचलली आणि दुसरी, अधिक गरम, आणून ठेवली. पहिल्या कॉफीचे तापमान वाचायचे राहूनच गेले. तापमापक न्यायचाच असेल तर तो भेंडी बाजाराजवळच्या बोहरी मोहल्ल्यातील ताज आइस्क्रीमपुरता न्यावा. १८८७ पासूनच्या या दुकानात संचा, म्हणजे बर्फ आणि मिठाच्या मिश्रणात ठेवलेले भांडे, हाताने फिरवून आइस्क्रीम करतात. बर्फात मीठ घातले की मिश्रणाचे तापमान शून्याखाली उतरते, तत्त्वतः उणे २१ अंशांपर्यंत. विजेचे शीतकपाट घरोघरी येण्याआधी मुंबईत आइस्क्रीम कसे गोठत होते, याचा धडा तिथे वाटीभर खाऊन घेता येतो.

ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रस्ता खाण्याच्या यादीत विचित्र दिसेल, परंतु तो ठेवावा. इडलीचे पीठ किंवा दही ठरावीक उबेत ठेवणारी पेटी घरी बनवायची असेल, तर तापमानाचा संवेदक, रिले (वीज चालू-बंद करणारा भाग) आणि छोटा नियंत्रक तिथे एकाच फेरीत मिळतो. लागणाऱ्या सुट्या भागांची यादी घरूनच क्रमांकांसह लिहून न्यावी. दुकानदारापाशी ‘असे काहीतरी’ म्हणणाऱ्याला उभे राहू देण्याइतका वेळ नसतो. नेहरू विज्ञान केंद्राला दोन तास पुरतात आणि ते दुपारच्या सुस्तीच्या वेळी ठेवावे.

लालबाग शेवटच्या दिवशी ठेवावे, कारण तिथून हात भरूनच निघावे लागते. घरातून निघण्यापूर्वीच आपल्या मसाल्याचे प्रमाण किलोच्या हिशेबाने लिहून घ्यावे: रंगासाठी बेडगी किती, तिखटपणासाठी संकेश्वरी किती, धने किती, गरम मसाला किती. आजीच्या ‘मूठभर’चे वजन घरच्या काट्यावर करून पाहावे, माझ्या घरी ते धन्यांच्या बाबतीत पन्नास ग्रॅमच्या खालीच भरले आणि त्यावरून रीतसर वाद झाला. मिरच्या देठ मोडून, हातात चुरडून आणि बी पाहून घ्याव्यात. त्या भाजून कांडून मिळेपर्यंत रांगेप्रमाणे थांबावे लागते, म्हणून दुपारी आधी माल द्यावा, मधल्या वेळात चिवडा गल्ली आटपावी आणि संध्याकाळी मसाला घ्यावा. कांडपातून आलेला मसाला हाताला चांगलाच गरम लागतो. तो तसाच प्लास्टिकच्या पिशवीत बांधला तर वाफ धरून गोळे होतात आणि पुढे बुरशी येते. जाड कागदावर पसरून तासभर निववावा, कापडी पिशवीत भरावा आणि घरी पोहोचल्यावर बरणीत हिंगाचे खडे घालून ठेवावा. सुके बोंबील घेतले असतील तर तीन पिशव्यांत एकात एक घालून, वर वर्तमानपत्र गुंडाळून बांधावेत. आणि परतीचे तिकीट वातानुकूलित डब्याचे असेल तर ते घेऊच नयेत.