जुन्या फोर-बाय-फोरचा हॉर्न गप्प झाला तर

नवा हॉर्न विकत घ्यायची घाई करू नका. आधी फ्यूज बघा. तो शाबूत असेल तर हॉर्नच्या तारा काढून बॅटरीवरून फ्यूज लावलेल्या दोन वायरींनी त्याला थेट करंट द्या. वाजला, तर हॉर्न ठीक आहे आणि दोष वाटेत कुठेतरी आहे.

बऱ्याच जुन्या गाड्यांत हॉर्नला करंट कायम मिळत असतो आणि स्टिअरिंगवरचं बटण फक्त अर्थ, म्हणजे चेसिसमार्गे बॅटरीकडे परतणारी जोडणी, जोडतं. त्यामुळे हॉर्नची अर्थची वायर सोडवून ते टर्मिनल वायरच्या तुकड्याने चेसिसच्या घासून चकचकीत केलेल्या भागाला टेकवा. आता वाजला, तर संशय बटणावर, त्यामागच्या घासलेल्या काँटॅक्टवर किंवा स्टिअरिंग कॉलमच्या अर्थवर. कॉलमला रबरी कपलिंग असेल तर त्यावरून जाणारी छोटी अर्थ वायर हमखास तुटलेली सापडते. रिले, म्हणजे बटणाच्या इशाऱ्यावर हॉर्नचा करंट जोडणारा छोटा स्विच, असलेल्या गाडीत बटण दाबल्यावर रिलेची टिकटिक ऐका; ती आली, तर बटण ठीक आहे.

थेट करंट देऊनही नुसता घरघरला, तर मागच्या ॲडजस्टिंग स्क्रूवर खूण करा आणि तो पाव-पाव फेरा फिरवून बघा. स्क्रू नसेल किंवा आत गंज चढला असेल, तर मात्र बदललेला बरा.

बसवताना पातळ लवचीक पट्टीवरच बसवा, बॉडीला घट्ट आवळलात तर आवाज दबतो. आणि तोंड खाली ठेवा, नाहीतर पहिल्याच ओढ्यात पाणी भरेल.