लघुग्रहांचे वेध घेताय? या चुका टाळा

लघुग्रह दुर्बिणीतून ताऱ्यासारखाच दिसतो. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात सेरेस सगळ्यात मोठा, व्यास जवळपास 940 किलोमीटर. पण आपल्या आकाशात त्याचं बिंब एक विकलाही (अंशाचा 3600वा भाग) भरत नाही. त्यामुळे 6 किंवा 8 इंची दुर्बिणीला कितीही ताकदीचा आयपीस (डोळ्याकडचं भिंग) लावा, दिसणार तो ठिपकाच. त्याला ओळखायची खूण एकच, तो ताऱ्यांमधून सरकतो. इटालियन खगोलशास्त्रज्ञ पिआझीने 1 जानेवारी 1801 रोजी पालेर्मोहून सेरेस टिपला, तोही दुसऱ्या रात्री त्याची जागा बदललेली दिसली म्हणूनच.

म्हणजे वेध म्हणजे जागा आणि वेळ यांची जोडी. चुकाही या दोनच ठिकाणी होतात. त्यातल्या वेळेच्या चुका मी जास्त घातक मानतो, कारण जागा चुकली की निदान काहीतरी खटकतं. वेळ चुकली तर फोटो अगदी सुंदर दिसत राहतो.

एकदा पाहून नोंद करणं

नकाशात दाखवलेल्या जागी ठिपका दिसला की वहीत ‘पाहिला’ असं लिहून मोकळं होणं, ही नवख्यांची सगळ्यात नेहमीची चूक. वेस्टा या लघुग्रहाच्या बाबतीत हे बहुधा खपून जातं, कारण चांगल्या प्रतियुतीला (म्हणजे तो आकाशात सूर्याच्या विरुद्ध बाजूला असताना) तो सहाव्या प्रतीच्या (प्रतीचा आकडा मोठा तितकं तेज कमी) आसपास किंवा त्याहूनही तेजस्वी असतो आणि शेजारी तेवढा तेजस्वी तारा सहसा नसतो. नवव्या-दहाव्या प्रतीच्या लघुग्रहाभोवती मात्र तसेच दिसणारे पाच-सहा तारे सहज असतात.

त्यावर उपाय जुनाच आहे, पेन्सिल आणि कागद. वर्तुळ काढा, त्यात आठ-दहा तारे मांडा, संशयित ठिपक्याभोवती खूण करा आणि वेळ लिहा. मग ट्रॅकिंग, म्हणजे ताऱ्यांमागे दुर्बीण फिरवणारी मोटर, थांबवा. तारे ज्या कडेने बाहेर सरकतात ती पश्चिम, तीही कागदावर नोंदवा. दुसऱ्या रात्री तोच आयपीस लावून तोच भाग पाहा. प्रतियुतीच्या सुमारास पट्ट्यातला लघुग्रह दिवसाला साधारण पाव अंश, म्हणजे चंद्रबिंबाच्या निम्म्याएवढा, पश्चिमेकडे सरकतो. चित्रात तो फरक लगेच कळतो. एकाच रात्री तास-दोन तास थांबून मात्र तो डोळ्यांना जाणवेलच असं नाही, शेजारी एखादा तारा चिकटून असला तरच.

दिशांचा गोंधळही इथेच होतो. न्यूटोनियन म्हणजे आरशांच्या दुर्बिणीत चित्र पूर्ण उलटं दिसतं. डायगोनल (आयपीसआधीचा तिरका आरसा) लावलेल्या दुर्बिणीत डावं-उजवं बदलतं. नकाशा त्याप्रमाणे फिरवून घेतला नाही, तर समोर असलेला लघुग्रहही सापडत नाही.

आणखी एक. पंचांगातले वक्री (ताऱ्यांमधून पश्चिमेकडे सरकणारा), मार्गी (पूर्वेकडे सरकणारा) आणि स्तंभी (थबकलेला) हे शब्द लघुग्रहांनाही लागू पडतात. स्तंभी असताना तो एका रात्रीत जवळजवळ हलतच नाही. सुरुवातीला असा काळ निवडू नका. प्रतियुतीच्या आगेमागे, वक्री असताना बघा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आकाश झाकलेलं असतं, तेव्हा ऑक्टोबर ते मे या काळात ज्यांची प्रतियुती येते त्यांची यादी आधीच करून ठेवावी.

निर्देशांक कुठल्या सालचे?

दुर्बीण फिरवणाऱ्या माउंटला विषुवांश आणि क्रांती (आकाशातल्या जागेचे दोन निर्देशांक) दिली, मोटर फिरली, पण फोटोत लघुग्रह नाही. अशा वेळी माउंटला दोष देण्याआधी निर्देशांक पाहा. तक्ते बहुतेक वेळा 2000 सालच्या संदर्भाने दिलेले असतात आणि बरेच गो-टू (दिलेल्या जागी आपोआप वळणारे) माउंट आजच्या तारखेचे निर्देशांक मागतात. पृथ्वीचा अक्ष हळूहळू फिरल्याने निर्देशांक सरकतात, ते संपातचलन वर्षाला सुमारे 50 विकला. सन 2000 पासूनचा हिशेब केला तर फरक वीस कलांच्या (एक कला म्हणजे 60 विकला) वर जातो. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात तेवढ्याने लघुग्रह चौकटीबाहेर पडतो.

सॉफ्टवेअरमधले कक्षेचे घटक (लघुग्रहाची जागा ज्यांवरून काढतात ते आकडे) जुने असले तरी हेच होतं. पट्ट्यातल्या लघुग्रहांचं थोडक्यात निभावतं, पृथ्वीजवळून जाणाऱ्यांचं अजिबात नाही. त्यांच्यासाठी त्याच दिवशी मायनर प्लॅनेट सेंटर (लघुग्रहांच्या वेधांची जागतिक नोंद ठेवणारं केंद्र) किंवा नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेच्या होरायझन्स सेवेवरून तक्ता घ्या आणि त्यात आपल्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांश भरा. चंद्राइतक्या अंतरावरच्या वस्तूची जागा पृथ्वीच्या केंद्रावरून आणि आपल्या गच्चीवरून जवळपास एक अंशापर्यंत वेगळी दिसू शकते. चंद्राच्या दहापट अंतरावरही पाच-सहा कलांचा फरक पडू शकतो.

घड्याळ

समजा, 14 जानेवारीच्या पहाटे घड्याळात 2 वाजून 47 मिनिटं 10 सेकंद झाले असताना तुम्ही 60 सेकंदांचा फोटो सुरू केला. वेध जागतिक वेळेत लिहायचा, म्हणून साडेपाच तास वजा करा: 21 वाजून 17 मिनिटं 10 सेकंद. आणि तारीख 13 जानेवारी! मध्यरात्रीनंतरच्या वेधांत ही तारीख बदलायची राहून जाते. पुढे, नोंदवायची ती फोटोच्या मध्याची वेळ. तीस सेकंद मिळवा: 21:17:40. दिवसाच्या अपूर्णांकात लिहिलं तर 13.88727.

साडेपाच तास वजा करायचे राहिले तर पट्ट्यातला लघुग्रह, तासाला 30 विकलांच्या वेगाने, पावणेतीन कला चुकीच्या जागी पडतो. ती चूक निदान पकडली जाते. पण लॅपटॉपचं घड्याळ दहा सेकंद पुढे असेल तर याच लघुग्रहाची चूक विकलेच्या दहाव्या भागाहूनही कमी भरते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. मग एके रात्री मिनिटाला 30 विकला धावणारा पृथ्वीसमीप लघुग्रह टिपला की तीच दहा सेकंद पाच विकला होऊन समोर येतात.

म्हणून दर सत्राआधी इंटरनेटवरून किंवा जीपीएसवरून वेळ जुळवा आणि सत्र चालू असताना ती जुळत राहील अशी सोय करा. आपलं सॉफ्टवेअर फाइलमध्ये फोटोच्या सुरुवातीची वेळ लिहितं की शेवटची, हे एकदा करून पाहा. समजून चालू नका.

निदानाची एक फार उपयोगी युक्ती सांगतो. मोजलेली जागा आणि गणिताने आलेली जागा यांतला फरक कुठल्या दिशेला आहे ते बघा. फरक लघुग्रहाच्या वाटेवरच पुढे-मागे असेल तर आधी घड्याळावर संशय घ्या. वाटेच्या आडवा असेल तर मोजणी, फोकस किंवा शेजारच्या ताऱ्याचा प्रकाश मिसळणं यांपैकी काहीतरी आहे.

कॅमेऱ्यातले खोटे लघुग्रह

सेन्सरवरचा हॉट पिक्सेल (प्रकाश नसतानाही चमकणारा बिंदू) जागचा हलत नाही. पण ट्रॅकिंग थोडं घसरत असतं आणि आपण फोटो ताऱ्यांवर जुळवून घेतो. मग तोच पिक्सेल फोटोमागून फोटोत सरळ रेषेत, एकसारख्या वेगाने चालताना दिसतो, हुबेहूब लघुग्रहासारखा. तो ओळखायला मोठा करून बघा. खऱ्या वस्तूचा प्रकाश शेजारच्या ताऱ्यांसारखाच काही पिक्सेलवर पसरलेला असतो, हा मात्र टोकदार, एकटा. खात्री करायची तर न जुळवलेले मूळ फोटो उघडा. प्रत्येकात तो त्याच ओळीत आणि त्याच रकान्यात सापडेल. डार्क फ्रेम (दुर्बिणीला झाकण लावून काढलेला फोटो) वजा करणं टाळू नका. आणि दोन फोटोंवर कधीच निर्णय घेऊ नका, कारण दोन बिंदूंतून रेषा नेहमीच जाते. किमान तीन फोटो हवेत, चार असले तर उत्तम, मध्ये वीस-तीस मिनिटांचं अंतर ठेवून.

एक्स्पोजर किती? त्या काळात लघुग्रहाने ताऱ्याच्या प्रतिमेच्या रुंदीपेक्षा जास्त सरकू नये. प्रतिमा 3 विकला रुंद आणि वेग मिनिटाला 20 विकला असेल तर 9 सेकंद. मंद वस्तूसाठी एकच लांब फोटो न काढता अनेक छोटे काढून लघुग्रहाच्या वेगाने एकावर एक रचावेत. जेपीजी मोजणीला वापरू नये.

तेजाचा आलेख काढताना

लघुग्रह स्वतःभोवती फिरताना त्याचं तेज कमी-जास्त होतं. लांबट आकारामुळे एका फेरीत बहुधा दोन शिखरं येतात, आणि एकच शिखर धरलं तर आवर्तनकाळ निम्मा निघतो. एरॉस या लघुग्रहाचा खरा काळ सुमारे 5 तास 16 मिनिटं आहे. तुमचा 2 तास 38 मिनिटं आला तर हेच झालंय. तुलनेचे तारे लघुग्रहाच्याच रंगाच्या, म्हणजे साधारण सूर्यासारख्या रंगाच्या ताऱ्यांतून निवडा.

‘नवा सापडला’ अशी घाई

नकाशात नसलेला ठिपका खरोखर सरकत असेल तर छाती धडधडणारच. तरी आधी मायनर प्लॅनेट सेंटरच्या तपासणी पानावर ती जागा आणि वेळ टाका. घरच्या दुर्बिणीत येणाऱ्या बहुतेक वस्तू तिथे आधीच असतात. दुसऱ्या रात्रीचा वेध मिळवा. वेध स्वीकारले जाण्यासाठी वेधशाळा संकेतांक (तुमच्या निरीक्षणाच्या जागेला मिळणारी खूण) लागतो, आणि तो मिळवताना कक्षा पक्की माहीत असलेल्या क्रमांकित लघुग्रहांचे एकाहून अधिक रात्रींचे वेध द्यावे लागतात. त्यासाठी वेस्टासारखे तेजस्वी निवडू नका. त्यांचा प्रकाश सेन्सरवर भरून सांडतो आणि केंद्र नीट मोजता येत नाही. चौदाव्या-पंधराव्या प्रतीचे घ्या. मोजणी झाली म्हणून मूळ फोटो पुसू नका. मोजलेल्या आणि गणिताच्या जागेतला फरक एका विकलेच्या वर गेला तर तेच फोटो पुन्हा मोजावे लागतील.